बंद खोलीतला आकडा

बाजारात त्याला सगळे देवमाणूस म्हणत. गाद्या-उशा भरण्याच्या धंद्यात हे नाव सहज मिळत नाही. खोळीच्या आत काय कोंबले आहे ते गिऱ्हाईक कधी उसवून पाहत नाही. तिथे भरणारा असतो, आणि वरून पाहणारा देव असतो. देवमाणसाने कधी काटा मारला नाही, जुना कापूस पिंजून नवा म्हणून विकला नाही. रोज दुकान उघडण्याआधी तो हात जोडून एकच मागे, की आज माझ्या हातून कुणाची फसवणूक होऊ नये. मागणे चांगले होते. फक्त ते मागताना त्याच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईक असे, घर नसे. हे त्याच्या ध्यानात यायला एक यंत्र विकत घ्यावे लागले.

यंत्र घ्यायचे ते बायकोसाठी. ती रुग्णवाहिकेच्या केंद्रात रात्रपाळीला होती. कानाला हेडफोन लावून बसायचे, घाबरलेल्या माणसांचे फोन घ्यायचे, त्यांना धीर देत पत्ता काढून घ्यायचा, असे तिचे काम. उजाडताना ती घरी येई, जाड पडदे ओढून घेई आणि दुपारपर्यंत झोपे. अलीकडे ती झोप तिला लाभेना. आडवी झाली की थोड्या वेळाने धाप लागे. ती दचकून उठे, खिडकीशी जाई, पुन्हा पडे, पुन्हा उठे. डोळ्यांखाली काळे आले. एका सकाळी तर ओठ निळसर दिसले. तेव्हा मात्र देवमाणूस हातातले काम टाकून तिला डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टरने तिची छाती तपासली. छातीत काही नव्हते. मग त्याने नवऱ्याच्या भुवईवर अडकलेले कापसाचे तूस पाहिले आणि म्हणाला, "औषध लिहून देतो. पण रोग तुमच्याबरोबर जिना चढून वर येतो, त्याला मी काय करू? झोपायच्या खोलीत हवा शुद्ध करायचं यंत्र ठेवा. आणि लवकर ठेवा. असंच चालू राहिलं तर हिचं हृदय थकेल."

देवमाणसाला ते लागले. कारखाना खाली आणि घर वर हे खरे, पण तो खालीच अंघोळ करून, कपडे बदलून मग वर चढत असे. एवढे करूनही दोष आपल्याकडेच आला याची त्याला खंत वाटली. ती खंत घेऊनच तो त्या दुपारी यंत्राच्या दुकानात गेला.

दुकानात यंत्रे विकणारी बाई पन्नाशीची होती. कपाळाला आठी, पण बोलणे गमतीचे. तिने त्याच्यापुढे तीन यंत्रे मांडली. एकाला नुसता दिवा होता. हवा चांगली असली की निळा, बिघडली की लाल. दुसऱ्याला काहीच नव्हते, ते मुकाट्याने काम करी. तिसऱ्याच्या डोक्यावर काळी काच होती आणि काचेवर हवेतल्या धुळीचा आकडा उमटे.

देवमाणसाने तिन्ही यंत्रांची झाकणे उघडून पाहिली. फिल्टर बाहेर काढून त्याची घडी बोटांनी चाचपली, वजन केल्यासारखा तो तळहातावर झेलला. मग आकडेवाल्या यंत्राजवळ उभे राहून त्याने आपल्या सदऱ्याची बाही झटकली. आकडा एकदम वर उडाला, काच लाल झाली.

बाई म्हणाली, "यंत्र कशाला घेताय? तुम्हीच घराबाहेर झोपा. स्वस्तात काम होईल."

तो हसला, पण आकडा खाली येईपर्यंत तिथून हलला नाही. बाईने त्याला मुके यंत्र घ्या असा सल्ला दिला. तिच्या अनुभवाप्रमाणे आकडेवाले यंत्र नेणारी माणसे झोप सोडून आकडाच बघत बसत आणि वर तिलाच फोन करून भंडावून सोडत. देवमाणसाला हे पटले नाही. तो तराजूवर वाढलेला माणूस होता. जे मोजून दिसते तेच खरे, असे तो मानी. खरे कळावे ही इच्छा चांगलीच आहे. मात्र पुष्कळदा माणसाला खरे नको असते, आपण निर्दोष आहोत हे कुणीतरी मोजून दाखवायला हवे असते. त्याने आकडेवाले यंत्र घेतले.

घरी आल्यावर त्याने ते आधी बैठकीच्या खोलीत लावून पाहिले. आकडा झरझर खाली आला आणि तळाशी जाऊन बसला. मग बायकोच्या आग्रहाखातर ते खाली कारखान्यात नेले. तिथे काच लाल झाली ती झालीच. दोघे हसली. ती म्हणाली, निदान खोटं तरी बोलत नाही. त्या संध्याकाळी ती कामावर जाताना पुष्कळ दिवसांनी मोकळी दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परतली, पडदे ओढले गेले, दार लागले. यंत्र पलंगाच्या उशाकडे ठेवले होते. त्याची बारीक, एकसुरी घरघर चालू होती. बाहेर ऊन होते, रस्त्यावर वाहने होती, पण त्या खोलीत पडद्यांआड दिवसाचा काळोख दाटला होता. ती आडवी झाली. देवमाणूस दाराशी खुर्ची घेऊन बसला. आकडा खाली उतरला, स्थिर झाला. त्याने मनात देवाचे आभार मानले.

मग आकडा वाढू लागला.

एकदम उडाला नाही. सावकाश, एकेक पायरी चढावा तसा वर गेला. वर जाऊन क्षणभर थांबला. तितक्याच सावकाश खाली आला. पुन्हा वर. पुन्हा खाली. देवमाणूस उठून जवळ गेला. खोलीत कुणी हलत नव्हते, पडदा हलत नव्हता. त्याने बायकोच्या छातीकडे पाहिले. तिचा श्वास जलद होता, उथळ होता, दमलेल्या पाखराच्या छातीसारखा. तिचे दोन-तीन श्वास होत तेव्हा तो आकडा एकदा चढे.

तिचे डोळे उघडे होते. ती जागीच होती.

"तुम्हालाही दिसतंय ना?" तिने विचारले.

"यंत्र बिघडलेलं असेल."

"रात्रभर मी लोकांचे श्वास ऐकते," ती हळू म्हणाली. "भ्यायलेल्याचा वेगळा असतो, दुखण्याचा वेगळा... हा म्हाताऱ्या माणसाचा आहे. खूप जपून घेतलेला. आणि मी घ्यायला गेले, की माझ्या आधी घेतो."

देवमाणसाने यंत्राचे बटण बंद केले. घरघर थांबली. त्या शांततेत तिची धाप तेवढी ऐकू येत राहिली.

दुपारी तो यंत्र उचलून दुकानात गेला. बाईने ते भिंतीशी जोडले आणि त्याला स्टुलावर बसवले. तास गेला, दीड तास गेला. आकडा तळाशी बसून राहिला. कोपऱ्यावरच्या रस्त्यावरून मोठी गाडी गेली तेव्हा जरा हलला, पुन्हा बसला. देवमाणूस मात्र बसू शकेना. उठे, दारापर्यंत जाई, परत येऊन काचेत पाही.

बाईने यंत्र बंद केले. तिने सांगितले की यंत्रात खोट नाही, बदलून हवे तर देईन, पण दुसरेही हेच दाखवील. मग जरा थांबून तिने विचारले, "त्या खोलीत जुनं काही ठेवलंय का? गालिचा, लोकर, असलं काही? घाण करणारी वस्तू आत आणि यंत्रही आत, तर ते बिचारं जन्मभर झाडूच मारत बसेल."

"तसं काही नाही," देवमाणूस म्हणाला. आयुष्यात इतक्या चटकन तो कधी खोटे बोलला नव्हता.

खोलीत जुने काय होते ते त्याला ठाऊक होते. त्याच्यावर तो रोज झोपत होता.

या धंद्यात एक रीत आहे. ज्या गादीवर माणूस गेला, ती गादी घरचे लोक गादीवाल्याकडे आणून देतात आणि गादीवाला ती जाळतो. तिचा कापूस पिंजायचा नसतो. देवमाणसाने अशा कितीतरी गाद्या मागच्या मोकळ्या जागेत जाळल्या होत्या. काही महिन्यांपूर्वी शेजारच्या गल्लीतली एक बाई आपल्या वडिलांची गादी घेऊन आली. म्हातारा श्वासाच्या विकाराने गेला होता. फार दिवस लागले जायला. ती म्हणाली, जाळाच, बाबांनी स्वतः सांगून ठेवलंय. देवमाणूस म्हणाला, जाळतो.

ती गेल्यावर त्याने खोळ उसवली. आत सावरीचा कापूस होता. असा कापूस आता येत नाही. रेशमासारखा, पांढराशुभ्र, मुठीत धरला तर वजन लागू नये आणि सोडला तर क्षणात पुन्हा फुगावा. ज्याने आयुष्य कापसात घातले त्याला अशा मालाला काडी लावणे जड जाते. त्याचा हात थबकला. गिऱ्हाइकाच्या गादीत हा कापूस त्याने जन्मात घातला नसता. ते पाप आहे हे तो जाणून होता. मग त्याने स्वतःशी एक हिशेब मांडला, की विकणार नाही, तर फसवणूकही नाही. तो कापूस त्याने उन्हात वाळवला, पिंजला, नव्या खोळीत भरला, स्वतःच्या हाताने टाके घातले आणि गादी वर नेऊन आपल्या पलंगावर अंथरली. बायको किती खूश झाली होती. म्हणाली होती, तुम्ही कधी घरासाठी काही केलं नाहीत, आज केलंत.

पाप दुकानातून उचलून घरात नेले म्हणजे ते हलके होते, अशी समजूत पुष्कळ सज्जनांची असते. दुर्जन निदान ते ओझे ओळखून तरी वाहतो.

घरी आला तेव्हा बायको बाजारात गेली होती. उन्हे कलली होती. देवमाणसाने यंत्र पुन्हा उशाशी लावले, पडदे ओढले, दार आतून लोटले आणि तो गादीवर तिच्या बाजूला आडवा झाला. स्वतःच्या बाजूला त्याला कधी काही जाणवले नव्हते. त्याने जोरात श्वास भरून घेतला आणि रोखून धरला. खोलीत आता श्वास घेणारे कुणी उरले नव्हते.

आकडा चढू लागला.

आणि त्याच्या पाठीखाली गादी वर उचलली गेली. अगदी थोडी. उशीखाली हात सरकवावा तेवढी. कापूस फुगतो तेव्हा कसा फुगतो हे त्याच्या हातांना पाठ होते. हे ते फुगणे नव्हते. गादी वर आली, थांबली, खाली बसली, आणि बसताना टाक्यांमधून एक उबदार झुळूक त्याच्या मानेला लागली. तिला निलगिरीच्या तेलाचा वास होता. बंद खोलीतल्या जुन्या आजाराचा, ओल्या लोकरीचा वास होता. त्याने श्वास सोडला आणि नवा घ्यायला गेला. तो येईना. छातीपाशी येऊन हवा कुणीतरी अलगद दुसरीकडे वळवून नेत होते. त्यात राग नव्हता. घाई नव्हती. तहानलेल्याने दुसऱ्याच्या हातातले भांडे पाहावे, तशी नुसती गरज होती.

"जाळतो..." त्याने कसेबसे ओठ हलवले. "आजच... देवाशपथ..."

आकडा वरच थांबला. मग खाली आला. देवमाणूस पलंगावरून सरपटत उतरला आणि दार उघडून तसाच उंबऱ्यावर बसून राहिला.

बायको परतली तेव्हा तो तिथेच होता. तिने पिशवी खाली ठेवली. त्याने सगळे सांगितले. सांगायला फार शब्द लागले नाहीत. खऱ्याला लागत नाहीत. फोनवरच्या माणसाचे बोलणे ऐकावे तशी मान खाली घालून ती ऐकत राहिली.

शेवटी म्हणाली, "गिऱ्हाइकांना जपलंत. मी गिऱ्हाईक नव्हते."

एवढेच. पण बाजाराने दिलेले नाव त्या क्षणी त्याच्या अंगावरून गळून पडले, हे त्याला स्वतःला ऐकू आल्यासारखे कळले.

दोघांनी मिळून गादी खाली उतरवली. मागच्या मोकळ्या जागेत त्याने ती जाळली. सावरीचा कापूस भडकन पेटायला हवा. तो पेटला नाही. आतल्या आत धुमसत राहिला. धूर जमिनीलगत लोळत होता आणि निखारा मध्येच लाल होई, मध्येच विझे, पुन्हा लाल होई. बायको लांब उभी होती. लाल-काळे, लाल-काळे होणाऱ्या त्या ढिगाकडे दोघांनी शेवटपर्यंत पाहिले, पण एकमेकांकडे पाहिले नाही. राख झाली तेव्हा त्याने हात जोडले. मागायला त्याला काही सुचले नाही.

बायकोनेच सांगितले की त्या म्हाताऱ्याच्या मुलीला जाऊन खरे सांगा. तो गेला. मुलगी शिलाईयंत्रावर बसली होती. त्याने उभ्याउभ्याच सांगितले की तुमच्या वडिलांची गादी मी आज जाळली, इतके दिवस जाळली नव्हती. ती ओरडेल, अशी त्याची तयारी होती. तिने यंत्राचे चाक हाताने थांबवले आणि विचारले, "त्यावर कुणी झोपलं होतं का?"

"माझी बायको."

ती म्हणाली, "बाबांना मरणाची भीती नव्हती. हवा पुरणार नाही, याची होती. शेवटी शेवटी मला म्हणायचे, मी नसलो की गादी ठेवू नकोस. मला सवय लागलीय... मला दुसऱ्याच्या वाटणीची घ्यायला लावू नकोस." तिने डोळे पुसले. "फार भला माणूस होता हो माझा बाप. कुणाचं काही घेतलं नाही कधी. तुम्ही त्याला घ्यायला लावलंत."

देवमाणूस मान खाली घालून घरी आला. मेलेल्या माणसालाही आपण पापात ओढू शकतो हे त्याला तोवर ठाऊक नव्हते.

त्यानंतर त्याने घरासाठी नवी गादी भरली. साधा कापूस, नवा, बायकोच्या डोळ्यांदेखत तोललेला. आणि तिला झोप लागू लागली. गाढ, लहान मुलासारखी. ओठांचा रंग परतला. यंत्र चालू असे, आकडा तळाशी बसलेला असे. डॉक्टरने पुन्हा तपासले आणि यंत्राची पाठ थोपटा म्हणाला. घरात बोलणे हळूहळू सुरू झाले. ती त्याला पुन्हा अहो म्हणून हाक मारू लागली. शेजारीपाजारी म्हणत, यंत्र असावं तर असं. देवमाणूस हो म्हणे. त्याचे मन मात्र कुठेच टिकत नसे. टाके घालताना तो मध्येच उठे, जिना चढे, दाराच्या फटीतून तिच्या छातीकडे पाही आणि पुन्हा खाली येई.

एका दुपारी काचेवर फिल्टर साफ करण्याची खूण उमटली. ती झोपली होती. तिला जाग येऊ नये म्हणून तो चवड्यांवर आत गेला. आधी वायर भिंतीतून काढायची असे यंत्राच्या खोक्यावर छापले होते, तशी त्याने ती काढली आणि गुंडाळून पलंगाच्या पायाशी ठेवली. घरघर थांबली. काच काळी झाली. त्याने मागचे झाकण उघडून फिल्टर ओढून काढला.

बाहेरची बाजू कापसाच्या तुसाने राखाडी झाली होती. ते त्याला अपेक्षितच होते. मग त्याने आतली बाजू पाहिली. जिथून स्वच्छ हवा खोलीत जाते ती बाजू कोरडी, पांढरी असायला हवी. ती पांढरी होती. फक्त मधोमध ओलीचा एक डाग होता. गोल नव्हता; लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, मिटलेल्या तोंडासारखा. त्याने त्यावर बोट ठेवले. डाग गरम होता.

आणि त्याच वेळी त्याला कळले, की खोलीत काहीच ऐकू येत नाही.

त्याने वळून पाहिले. बायकोचा चेहरा शांत होता, डोळे मिटलेले होते. तिची छाती हलत नव्हती. त्याने तिला हाक मारली. तिच्या ओठांवर निळी छटा पसरत चालली होती. काय करतो आहोत हे उमगण्याआधीच त्याच्या हातांनी फिल्टर पुन्हा यंत्रात सरकवला. खट् असा आवाज झाला आणि तिने श्वास घेतला. लांब, सावकाश, म्हाताऱ्या माणसासारखा खूप जपून घेतलेला श्वास.

देवमाणूस गुडघ्यांवर बसला. हात अजून यंत्राच्या पाठीवर होता. तो काढून घेण्याचे धैर्य त्याला होईना.

वायर पलंगाच्या पायाशी गुंडाळलेली पडली होती. काळ्या काचेवर आकडा उजळला. तो हळूहळू चढू लागला, आणि त्याच्याबरोबर पलंगावर तिची छाती वर उचलली जाऊ लागली. आकडा वर गेला. वर जाऊन थांबला. तीही थांबली.

देवमाणूस तो खाली येण्याची वाट पाहत राहिला.